नमुना

पहाटे साडेतीनला सोहारच्या कॅम्पात दिवे लागतात.
बस सुटायच्या आत मला गाठायचं असतं सगळ्यांना.
बर्फाच्या पेटीत साठ डब्या, लाल झाकणांच्या,
आणि एक वजनकाटा, जो वाळूवर कधीच सपाट बसत नाही.
खाली पुठ्ठा सारते. दमट हवेने तोही मऊ पडलेला.

रांग. लुंग्या, दातांत ब्रश, सुजलेले डोळे.
प्रत्येकाला तेच वाक्य, मोडक्या चार भाषांत:
कामाआधी एकदा, कामानंतर एकदा,
भाग घेणं ऐच्छिक आहे, केव्हाही बाहेर पडता येईल.
“बाहेर?” एकशे सत्तेचाळीस हसतो. “इथून?”

आमच्या कालुस्त्यात अशा माणसाला
काय नमुना आहे, म्हणतात.
मी डबीवर चिकटवते: नमुना १४७, सकाळ.

नाव लिहायचं नसतं. नाव वडिवेलन.
एकतीस वर्षं. तापल्या पाइपांना लोकर गुंडाळतो,
म्हणजे आतली आग आत राहावी.

संध्याकाळची डबी कोऱ्या चहाच्या रंगाची.
देताना म्हणतो, सॉरी सिस्टर,
जणू माझ्या अंगणात काही सांडलंय.

प्रश्न नऊ: पाणी कमी का पिता?
तहान लागत नाही, पाणी जवळ नसतं, वेळ नसतो, इतर.
तो इतर सांगतो.
संडास खाली, आम्ही अठरा मीटर वर,
पट्टा सोडा, उतरा, चाला, रांग लावा, पुन्हा चढा,
फोरमन घड्याळ बघत उभा.
त्यापेक्षा न प्यायलेलं बरं. पाठ दुखली तर
कॅम्पातल्या दुकानात गोळ्या मिळतात, पट्टीने.
‘इतर’पुढे दीड इंचाची रेघ.
मी समासात शिरले, मग पानाच्या पाठीवर.

“आलेखाला समास वाचता येत नाही, रुबीना,”
डॉक्टर शमसा म्हणाल्या, आणि मग स्वतःच
ते मागचं पान वहीत उतरवत बसल्या.
त्यांचे आजोबा फलजवर पाण्याच्या पाळ्या मोजायचे,
रात्री ताऱ्यांवरून, कुणाच्या खजुरांना किती घटका.
माणसांची पाळी कुणी मोजली नाही, असं काहीसं
त्या अरबीत पुटपुटल्या. मला अर्धंच कळलं.

तिसऱ्या महिन्यात पट्टीवरचा प्रथिनांचा चौकोन
हिरवा झाला. रक्ताचा आकडाही चढलेला.
नियम आहे, सांगावं लागतं. मी सांगितलं.
मूत्रपिंड, इस्पितळ, ही चिठ्ठी.
त्याने चिठ्ठीची घडी घातली, आणखी एक घडी घातली,
“ही फोरमनला दिसेल का?”

रक्त पुन्हा तीन महिन्यांनी. तोवर फक्त डब्या.
चौथ्या महिन्यात एकशे सत्तेचाळीस ठणठणीत!
पाण्यासारखी डबी. प्रथिनांचा चौकोन पिवळाधमक.
मी हातमोजे काढणार, तेवढ्यात
शेजारचा चौकोन तपकिरी होत गेला.

साखर.
एका महिन्यात, एकतीसच्या वयात, एवढी?

त्याच्याकडे बघितलं. तो बुटाची नाडी बघत होता.
पुष्कळ वेळ लागतो एका नाडीला.
मग त्याची मान भटारखान्याकडे किंचित वळली.

अभ्यासात भटारी नाहीत. सावलीत काम, म्हणून वगळलेले.
मोफज्जल डेगीवर वाकला होता, तीनशे माणसांचा भात,
भिंतीला टेकवलेली पाण्याची बाटली, दुसरी, तिसरी.
खूप तहान लागते का, चाचा?
लागते, म्हणाला. या मुलखात कुणाला नाही लागत?
रात्री किती वेळा उठता?
तो उलथनं धरून हसला. “पोराला उधार द्यायला
पुरून उरते एवढी होते, दीदी.”
आपल्याला आजार आहे हे त्याला माहीत नव्हतं.
दोस्ताला निरोगी लघवी दिली, एवढंच माहीत होतं.

बाहेर बस सुटत होती.
वडिवेलन तिसऱ्या खिडकीत, मान पलीकडे.
तक्त्यात दोनच रकाने: ग्राह्य, अग्राह्य.
पेन हातात तसंच राहिलं.

पेटीतून एक कोरी डबी काढली, झाकण उघडून
मोफज्जलच्या पिठाळ हातात दिली.
तिच्यावर क्रमांक नव्हता.
“कशाला?” त्याने विचारलं.
मला चारही भाषांत उत्तर सुचेना.